पाहुणीचं नाव कुणी विचारलं नाही

आमच्याकडं लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर, हे ठरलेलं. कोल्हापुरापासून सात-आठ किलोमीटरवरची ती सिंधी बाजारपेठ. एकाला एक लागून कापडाची घाऊक दुकानं, गाद्यांवर साड्यांचे ढीग, मधेच कुणी आणून ठेवलेला चहा. मी सातवी-आठवीत असताना आत्याबरोबर गेलो होतो. मानपानाच्या साड्या दाखवता दाखवता म्हातारे दुकानदार सहज म्हणाले, "आमच्या आधी इथं गोरे लोक राहायचे. पोलंडवाले. आम्ही आलो तेव्हा त्यांच्याच बराकी मिळाल्या." आत्यानं साडीचा काठ उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "हो, आपल्या महाराजांनी ठेवून घेतलं म्हणून जगली बिचारी." आणि घासाघीस पुढं सुरू झाली.

आत्याचं ते वाक्य मी बरीच वर्षं तसंच बाळगलं होतं. आता तर त्याला सरकारी मोहोरही लागली आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला त्याची आठवण म्हणून पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, काठेवाडातल्या नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांच्या नावाचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले, पुष्पचक्रं वाहिली, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी आठवडाभर 'भारताच्या औदार्याची गाथा' सांगितली. वळिवड्याचं, म्हणजे आजचं गांधीनगर जिथं आहे त्या छावणीचं, नाव पहिल्या पानावर पाहून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! पण ती सगळी कात्रणं वाचून झाल्यावर लक्षात आलं की या गोष्टीत राजे आहेत, संस्थानं आहेत, 'आपण' आहोत. ज्यांना ठेवून घेतलं त्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही. ती सगळी मिळून 'बिचारी'.

म्हणून एका पाहुणीची गोष्ट सांगतो. ती राणी नव्हती, समाजसेविका नव्हती, नर्सही नव्हती. वॉर्सातल्या एका तळघरातल्या थिएटरात गाणी म्हणणारी नटी होती, आणि १९४२ साली पोलिश अनाथ मुलांना घेऊन ती मुंबईला आली. नाव हान्का ऑर्दोनूव्ना.

हे तिचं जन्माचं नाव नव्हे. मूळची ती मारिया पिएत्रुशिंस्का, रेल्वेत काम करणाऱ्या माणसाची मुलगी, जन्म १९०२ सालचा, वॉर्सातला. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता आणि वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. लहानपणीच तिला तिथल्या मोठ्या नाट्यगृहाच्या बॅले शाळेत घातलं. सोळाव्या वर्षी ती कॅबरेच्या रंगमंचावर उभी राहिली. साल १९१८, म्हणजे पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला तेच. पुढं तिनं ऑर्दोन हे नाव घेतलं. पोलिश भाषेत अविवाहित मुलीच्या आडनावाला 'ऊव्ना' लागायचं. ऑर्दोनूव्ना म्हणजे ऑर्दोनांची लेक. लोक लाडानं 'ऑर्दोन्का' म्हणू लागले. १९३१ मध्ये तिनं काउंट मिहाऊ तिश्किएविच या सरदार घराण्यातल्या माणसाशी लग्न केलं. नवऱ्याकडच्यांना ही सून पसंत पडली नाही, यात नवल काय! कॅबरेवाली सून घरात येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडंही गाणाऱ्या बाईला ऐकायला माडीच्या पायऱ्या चढणारे पुष्कळ होते, तिला घराचा उंबरा ओलांडू देणारे किती होते? ती कागदोपत्री काउंटेस झाली, पण जाहिरातीवर शेवटपर्यंत ऑर्दोनूव्नाच राहिली.

तिचं घर म्हणावं असं थिएटर होतं 'क्वी प्रो क्वो'. वॉर्साच्या सेनातोर्स्का रस्त्यावर, एका आलिशान दुकानगल्लीच्या तळघरात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथं पोलंडचे उत्तमातले उत्तम कवी गाणी आणि नकला लिहायचे. १९२४ मध्ये फ्रिडेरिक यारोशी हा हंगेरियन सूत्रधार एका रशियन मंडळीबरोबर वॉर्सात आला आणि तिथंच राहिला. मोडकीतोडकी पोलिश बोलत तो प्रेक्षकांना असा खेळवायचा की त्याच्या चुकांचीच फॅशन झाली. त्यानं ऑर्दोन्काला घडवलं. तिचा आवाज मोठा नव्हता, हे तिचे चाहतेसुद्धा कबूल करत. तिची सगळी मातब्बरी उच्चारात, थांबण्यात आणि हातांत. हात कधी उचलायचा, किती उचलायचा आणि कधी मुळीच उचलायचा नाही, यावर तिचं गाणं उभं राहायचं. बैठकीची लावणी बसून, नुसत्या अदेवर रंगवणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. गळा मदतीला असतो, काम डोळे आणि बोटं करतात.

१९३३ मध्ये 'मुखवट्यातला हेर' या अर्थाच्या नावाचा एक बोलपट आला. त्यात ती गायिकेच्या वेशातली हेर झाली होती आणि त्यातलं तिचं एक गाणं पोलंडला आजही पाठ आहे. 'प्रेम तुला सगळं माफ करील' असं त्याचं शीर्षक. चाल हेन्रिक वार्सची, शब्द यूलियान तूविमचे. तूविम हा त्या काळातला अग्रगण्य पोलिश कवी, पण या गाण्याखाली त्याचं नाव नव्हतं. 'ओल्डलेन' असं टोपणनाव होतं. तळघरातल्या थिएटरांसाठी आणि सिनेमासाठी लिहायचं ते बऱ्याचदा टोपणनावानं, कविता मात्र स्वतःच्या नावानं. ही टोपणनावाची बाब ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग सप्टेंबर १९३९. पश्चिमेकडून जर्मन आले, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत. एका गाण्यामागची माणसं कुठं कुठं फेकली गेली पाहा. तूविम ज्यू, तो रुमानिया, फ्रान्स, ब्राझील करत न्यूयॉर्कला पोचला. वार्सही ज्यू, तो सोव्हिएत रशियात उभ्या राहिलेल्या जनरल आन्देर्सच्या पोलिश सैन्याबरोबर इराण, इटली करत शेवटी अमेरिकेला गेला आणि तिथं 'फ्लिपर' या डॉल्फिनच्या सिनेमाला संगीत देऊन बसला. ऑर्दोन्काला वॉर्सात गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडून पाविआक तुरुंगात टाकलं. नवऱ्यानं खटपट करून तिला सोडवलं. दोघं विल्नोला गेले, आजच्या व्हिल्नियसला. तिथं सोव्हिएत आले. या खेपेला तिची रवानगी झाली उझबेकिस्तानातल्या कामाच्या छावणीत. क्षयाची बाधा तिला युद्धाआधीपासूनच होती.

इथं थोडं थांबून मागचा पट सांगायला हवा, कारण आपल्या 'औदार्याच्या गाथेत' तो एका ओळीत उरकला जातो. सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून १९४० आणि १९४१ मध्ये चार मोठ्या खेपांत लोकांना उचललं. रात्री दार वाजायचं, तासाभरात सामान बांधायचं, गुरांच्या वाघिणीत बसायचं. मॉस्कोच्या कागदांत सापडणारा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपासचा आहे. पोलिश लोकांचे जुने अंदाज त्याहून कितीतरी मोठे. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, पोलिसांच्या बायका, मुलं, सगळे सायबेरिया, कझाकस्तान आणि आर्खांगेल्स्कच्या जंगलांकडं. मग जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि स्टालिनला एकाएकी पोलिश मित्र हवेसे झाले. ३० जुलैला लंडनला आश्रयाला गेलेल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांना 'माफी' मिळाली. कशाबद्दल माफी, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सुटलेली माणसं मिळेल त्या गाडीनं दक्षिणेकडं, उबेकडं निघाली. वाटेत विषमज्वर, हगवण, भूक. आईबाप मागं पडले किंवा मेले, मुलं उरली. ही मुलं गोळा करणाऱ्यांमध्ये ऑर्दोन्का होती.

तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबातहून कोपेत दागचे डोंगर ओलांडून इराणमधलं मशहद, तिथून इराणच्या पूर्व कडेनं झाहेदान, मग क्वेट्टा आणि पुढं रेल्वेनं मुंबई. ट्रक मुंबईहून गेले होते. इथल्या पोलिश वकिलातीनं आणि रेडक्रॉसनं ते पाठवले होते, आणि त्या खटाटोपाच्या मध्यभागी पोलिश कॉन्सलची बायको कीरा बानासिंस्का होती. १९४२ मध्ये मुलांच्या तुकड्या येऊ लागल्या. आधी आलेल्यांचा मुक्काम काही महिने बांद्र्याला होता, मग त्यांना काठेवाडात समुद्राकाठी बालाछडीला नेलं. पुढं १९४३ मध्ये वळिवड्याची मोठी छावणी उभी राहिली. तिथं कुटुंबं होती, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, मिळून सुमारे पाच हजार. ती १९४८ पर्यंत चालली.

आता वादाचा मुद्दा. 'आपण ठेवून घेतलं' या वाक्यात तीन गोष्टी झाकल्या जातात.

एक, पैसा. वळिवड्याचा खर्च कोल्हापूर संस्थानच्या तिजोरीतून होत नव्हता. तो लंडनमधलं पोलिश सरकार ब्रिटिश कर्जातून सोसत होतं, आणि १९४५ मध्ये ब्रिटननं त्या सरकारची मान्यता काढून घेतल्यावर तो आंतरराष्ट्रीय मदत यंत्रणेकडं गेला. जागा आपली, हवा-पाणी आपलं, भाजीवाले, दूधवाले, गवंडी आपले. 'आपले महाराज' म्हणावं तर राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते आणि छावणी बांधली जात होती तेव्हा गादीवर पाळण्यातून नुकतं उतरलेलं मूल होतं. कारभार रीजन्सीकडं, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीनं राज्य चालवणाऱ्या मंडळाकडं, आणि रीजन्सीच्या डोक्यावर इंग्रज. बालाछडीचं वेगळं. तिथं जामसाहेब दिग्विजयसिंहांनी स्वतः पुढाकार घेतला, जमीन दिली, मुलांवर जीव लावला आणि बाकीच्या संस्थानिकांनाही वर्गणीला लावलं. त्यांचं मोठेपण मला तसूभरही कमी करायचं नाही. पण बालाछडी आणि वळिवडे यांचा एकत्र काला करून 'आपण' म्हणणं हा आळस आहे.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. त्याच १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसं जपान्यांच्या पुढं पळत, चालत आसामच्या डोंगरांत शिरत होती. वाटेत हजारोंनी मेली. पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ. हिंदुस्थान सरकारला तेव्हा पोलिश मुलांसाठी अधिकारी नेमता आला, छावणी आखता आली. ब्रह्मदेशातून आलेल्या मजुराला मात्र त्याच सरकारनं गोऱ्यांपेक्षा वाईट वाटेनं पाठवलं. यात त्या मुलांचा काडीचा दोष नाही. दोष सरकारच्या तराजूचा. पण ती छावणी 'आपल्या' उदार मनाचा निखळ पुरावा म्हणून मिरवताना हा तराजू कुणाच्या हातात होता, हे विसरून कसं चालेल?

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते. निर्वासितांना जागा देणं आणि निर्वासितांना सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. जागा राजा देतो, सरकार देतं; त्याचा कागद होतो, कागदावर सही होते, सहीचं पुढं स्मारक होतं. सांभाळणं रोजचं असतं. सोव्हिएत रशियातून आलेल्या या मुलांबद्दल जिथं जिथं लिहून ठेवलंय, तिथं एक गोष्ट हमखास येते: पोटभर मिळायला लागल्यावरही मुलं पाव उशीखाली लपवून ठेवायची. पावाचा तुकडा काढून घ्यावा तर मूल रात्रभर रडणार, ठेवावा तर मुंग्या आणि उंदीर. काय करायचं? डोक्यात उवा म्हणून मुलीचे केस भादरायचे, तेव्हा तिला काय सांगायचं? बहिणीचा हात सोडायला तयार नसलेल्या भावाला मुलांच्या बराकीत कसं न्यायचं? अशा प्रश्नांना सरकारी परिपत्रकात उत्तर नसतं. ते कुणीतरी त्या क्षणी, त्या खोलीत शोधायचं असतं.

आणि इथंच मला नटीचा धंदा आठवतो.

आपल्या मनात कलावंत आणि संकट यांचा एक ठरलेला देखावा आहे. पूर आला, भूकंप झाला, की कलाकार मंडळी झोळी घेऊन फेरी काढतात, मदतनिधीसाठी प्रयोग लावतात, फोटो येतो. कलावंताची किंमत त्याच्या नावापुरती, कारण नावामुळं पैसा जमतो. त्याच्या कसबाचा संकटात काही उपयोग असेल, हे आपल्या गावीच नसतं. ऑर्दोन्काच्या नावाला अश्गाबातमध्ये काय किंमत होती? तिथल्या ठाणेदाराला वॉर्सातलं तळघर ठाऊक असायचं कारण नाही. तिच्याकडं होतं ते कसब. अनोळखी, बिथरलेल्या, दमलेल्या माणसांच्या गर्दीसमोर उभं राहायचं आणि दोन मिनिटांत ती गर्दी आपल्याकडं वळवायची. कोण रडायच्या बेतात आहे, कोण पळायच्या बेतात आहे, हे खोलीभर नजर फिरवून ओळखायचं. तेच वाक्य शंभराव्यांदा पहिल्यांदा बोलल्यासारखं बोलायचं. स्वतःला ताप असला तरी पडदा वर गेल्यावर तो दिसू द्यायचा नाही. ही कॅबरेच्या धंद्याची रोजची हत्यारं आहेत. डोंगर ओलांडणाऱ्या ट्रकमध्ये शेकडा मुलं घेऊन बसलेल्या बाईला याहून वेगळं काय लागत असेल?

कुणी म्हणेल, हे तुमचं कल्पनेचं मखर झालं. मुलं सांभाळायला आईचं काळीज लागतं, नटीचं कसब नव्हे. मला हा 'आईचं काळीज' वाला युक्तिवाद मुळीच पटत नाही. बायकांनी केलेलं कष्टाचं, डोक्याचं काम 'माया' या खात्यात टाकलं की त्याची मोजदाद करावी लागत नाही, पगार द्यावा लागत नाही, नाव लिहावं लागत नाही. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना मानधनावर बोळवताना आपण हेच करतो. माया असेल, असतेच. पण दीडशे मुलं मायेनं रांगेत उभी राहत नाहीत. त्याला कसब लागतं, आणि ते कुठंतरी कमावलेलं असतं. ऑर्दोन्कानं ते तळघरात कमावलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. राजांच्या जागी आता नटी? म्हणजे पुन्हा प्रसिद्ध माणूसच. तिच्याबरोबर डॉक्टर होते, पाद्री होते, शिक्षिका होत्या, स्वतः छावणीतून सुटून आलेल्या आणि दुसऱ्यांची मुलं ओढून आणणाऱ्या बायका होत्या. त्यांची नावं कुठं आहेत? हा आक्षेप मला मान्य आहे. पण याचं थोडं उत्तर तिनंच देऊन ठेवलं आहे.

मुंबईहून ती पुढं बैरूतला गेली. नवरा तिथं पोलिश वकिलातीत होता. क्षय बळावत चालला होता. रंगमंच संपला होता, देश कम्युनिस्टांच्या हातात गेला होता. तिथं तिनं एक पुस्तक लिहिलं आणि ते १९४८ मध्ये बैरूतमध्येच छापलं गेलं. नाव 'तुवाचे जेची', म्हणजे वणवण फिरणारी मुलं. त्या मुलांच्या प्रवासाचं पुस्तक. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव होतं वेरोनिका होर्त. ऑर्दोनूव्ना नव्हे, काउंटेस तिश्किएविचही नव्हे. जगभर विखुरलेल्या पोलिश माणसांत हे पुस्तक हातोहात खपवायचं असतं तर 'ऑर्दोन्का' एवढा एक शब्द पुरला असता. तो तिनं वापरला नाही. आता ते ओल्डलेन आठवा. मोठा कवी हलकंफुलकं गाणं लिहायला टोपणनावामागं जात होता, कारण त्याचं गंभीर नाव डागाळू नये. आणि ते गाणं गाऊन मोठी झालेली नटी गंभीर पुस्तक लिहायला टोपणनावामागं गेली. का गेली असेल? मी असा अर्थ लावतो की जाहिरातीवरचं नाव वर आलं की वाचकाचे डोळे तिच्याकडं वळणार, मुलांकडं नाही, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? उजेड कुठं पडतो यावर जिचं आयुष्य गेलं, तिनं तो एकदा हातानं दुसरीकडं वळवला.

८ सप्टेंबर १९५० ला ती बैरूतला वारली. वय अठ्ठेचाळीससुद्धा पुरं नव्हतं. तिचे अवशेष वॉर्साला परत न्यायला १९९० उजाडावं लागलं, म्हणजे कम्युनिस्ट राजवट पडावी लागली. आज ती पोवोंझ्की दफनभूमीत आहे. मधल्या चाळीस वर्षांत पोलंडमध्ये तिची आठवण नव्हती असं नाही. गाणं रेडिओवर होतं, १९८१ मध्ये तिच्या आयुष्यावर त्याच गाण्याच्या नावाचा सिनेमाही निघाला. पण सोव्हिएतांनी आपल्याच लोकांना गुरांच्या वाघिणीत कोंबून नेलं, हे त्या राजवटीत मोकळेपणानं छापता किंवा बोलता येत नव्हतं. त्यामुळं लोकांच्या ओठांवर राहिली ती पिसांचा झगा घातलेली, प्रेमाचं गाणं म्हणणारी ऑर्दोन्का. अश्गाबात ते मुंबई हा तिच्या आयुष्यातला माझ्या लेखी सर्वांत मोठा प्रयोग तिथं अंधारात राहिला. आणि इकडं आपण प्रवास लक्षात ठेवला, ट्रक लक्षात ठेवले, राजा लक्षात ठेवला, आणि तिला विसरलो. पोलंडला सेन्सॉर होता, आपल्याला कुणी अडवलं होतं?

आपल्याला अडवलं ते गोष्ट सांगण्याच्या सवयीनं. उपकाराची गोष्ट नेहमी देणाऱ्याच्या ओसरीवर बसूनच सांगितली जाते. कोल्हापुरात या बाबतीत खरं तर जास्त जाण असायला हवी. हे नाटक-सिनेमाचं गाव. 'प्रभात'चा जन्म इथला. नटनट्यांच्या आठवणी आम्ही देवादिकांच्या कथांसारख्या सांगतो. कुठल्या बोळात कोण राहायचं, कुणाला कुठली मिसळ आवडायची, सगळं तोंडपाठ. वळिवड्याच्या छावणीतही शाळा होत्या, चर्च होतं, बालवीर होते, नाटकं आणि नाच बसवले जायचे. पाच वर्षं आपल्या शेजारी एक अख्खी परकी रंगभूमी चालू होती. तिच्यात कोण काम करायचं, कोण पडदे रंगवायचं, पोशाख कशातून शिवायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायला हवं होतं. ते म्हातारे आता गेले. राहिलं ते 'आपण ठेवून घेतलं'.

वळिवड्यात स्तंभ उभा आहे, २०१९ मध्ये पोलिश पाहुण्यांच्या हजेरीत त्याचं अनावरण झालं. असे आणखी स्तंभ, दालनं होतील, व्हावीत. माझं म्हणणं त्यांवर काय लिहायचं याबद्दल आहे. दात्यांची यादी लावा, पण तिच्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरात छावणीच्या शिक्षिकांची, परिचारिकांची, स्वयंपाकघर चालवणाऱ्या बायकांची यादी लावा. पोलिश लोकांनी आपल्या आठवणी नीट जपून ठेवल्या आहेत, नावं मिळतील. भांडी-कपडे ठेवाल तेव्हा ती कुणाची हे लिहा. खर्च कुणी केला हे लिहा, त्यानं कुणाचीही मान खाली जाणार नाही. ब्रह्मदेशातून चालत आलेल्यांबद्दल दोन ओळी लिहा. बांद्र्यात, जिथं नटनट्यांचे बंगले बघायला माणसं रविवारी गर्दी करतात, तिथं एखाद्या कोपऱ्यावर लिहा की १९४२ मध्ये पोलिश अनाथ मुलांचं पहिलं घर या उपनगरात होतं. आणि वेरोनिका होर्तचं पुस्तक मराठीत आणा, पोलिशमधून सरळ, इंग्रजीच्या पुलावरून न येता. जर्मन, रशियन, जपानीतून थेट मराठीत आणणारे अनुवादक आपल्याकडं निपजले, पोलिशचाही निपजेल. मुंबईला पोचलेल्या मुलांचं पुस्तक मराठीत यायला आणखी कुठलं निमित्त हवं?

हे सगळं नावांचं खूळ आहे, असं एका मित्रानं मला ऐकवलं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं कळून आज कुणाचं काय भलं होणार? त्याला मी उलट विचारलं, मग राजाचं नाव तरी कशाला हवं? तो हसला आणि म्हणाला, राजाचं नाव आपोआप राहतं. बरोबर आहे. म्हणूनच बाकीची मुद्दाम लिहावी लागतात.

परवा पुन्हा गांधीनगरला जाणं झालं, या वेळी भाचीच्या लग्नाचा बस्ता. ते म्हातारे दुकानदार आता नाहीत. गादीवर त्यांचा मुलगा, तोही साठीला आलेला. साड्या निघत होत्या. मी पोलिश बराकींचा विषय काढला. त्याला बरंच माहीत होतं. फाळणीनंतर सिंधमधून निघालेले हे लोक इथं आले तेव्हा बराकींच्या मधे चटया टांगून खोल्या केल्या होत्या, एका बराकीत बरीच कुटुंबं. वडील फेरीवर कापड विकायचे, आणि आजी घरात पापड-लोणची करून बाकीच्यांना सांभाळायची. "सगळी मुलं तिच्याच हाताखाली वाढली," तो म्हणाला, "आमची पण, शेजाऱ्यांची पण. ज्यांचं मागं कुणी नव्हतं त्यांची पण."

मी विचारलं, "आजीचं नाव काय?"

तो मीटरपट्टी हातात धरून क्षणभर थांबला. सिंध्यांमध्ये लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत, आपल्यासारखीच.

"लग्नाआधीचं की नंतरचं?" त्यानं विचारलं, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्या बहिणीला हाक मारली.